जनुकीय बदल, मानवी : ख्रिस्ती नीतिविचार

मानवी जनुकांमध्ये हेतुपुरस्सर केलेल्या बदलांविषयी ख्रिस्ती परंपरांनी केलेला नैतिक विचार. या चर्चेत तीन प्रकार वेगळे धरतात : कायिक पेशींवरील उपचार, ज्याचा परिणाम त्या रुग्णापुरता राहतो, जननपेशींतील किंवा भ्रूणातील बदल, जो वंशजांत उतरतो, आणि रोग नसताना केलेले क्षमतावर्धन. पहिल्या प्रकाराला बहुतेक चर्चची हरकत नाही. तो इतर वैद्यकीय उपचारांसारखाच मानला जातो. वाद आहे तो उरलेल्या दोन प्रकारांचा.

या विचाराचा आरंभ साधारणपणे १९६० नंतरच्या दशकात मानतात. मात्र त्याआधीच्या सुप्रजननवादाशी, म्हणजे निवडक प्रजननातून मानववंश सुधारण्याच्या विचाराशी, आलेला संबंध वगळून हा इतिहास पुरा होत नाही, आणि तो चर्चना फारसा भूषणावह नाही. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचे डीन विल्यम इंग हे सुप्रजननाचे उघड पुरस्कर्ते होते. अमेरिकन सुप्रजनन संस्थेने १९२६ मध्ये या विषयावरील प्रवचनांची स्पर्धा घेतली, तिला प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांचा प्रतिसादही मिळाला. याउलट पोप पायस अकरावे यांनी ३१ डिसेंबर १९३० च्या ‘कास्ती कोन्नुबी’ या परिपत्रकात सुप्रजननासाठी केलेल्या सक्तीच्या निर्बीजीकरणाचा निषेध केला. पुढच्या काळातील कॅथलिक सावधगिरीचे मूळ जनुकशास्त्रापेक्षा या जुन्या वादात शोधणे अधिक योग्य वाटते.

आनुवंशिकीविज्ञ हर्मन मलर यांनी निवडक पुरुषांचे वीर्य साठवून मानववंश सुधारण्याची कल्पना मांडली होती. प्रिन्स्टन येथील मेथडिस्ट नीतिवेत्ते पॉल रॅम्झी यांनी ‘फॅब्रिकेटेड मॅन’ (१९७०) मध्ये तिचा कठोर समाचार घेतला. माणसाने आधी माणूस व्हायला शिकावे. ते शिकल्यावर तो देव व्हायला जाणार नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. अमेरिकन नीतिवेत्ते जोसेफ फ्लेचर यांनी नेमकी उलट बाजू घेतली : जे जाणूनबुजून, विचारपूर्वक घडवलेले, तेच अधिक मानवी. कॅथलिक धर्मशास्त्री कार्ल रानर हे दोघांच्या मध्ये कुठेतरी येतात. स्वतःला घडवणे हा मानवी स्वभावच असल्याचे ते मानतात, पण जनुकीय हेराफेरीच्या ठोस प्रस्तावांवर त्यांचा रोख प्रतिकूल आहे.

‘देवाची भूमिका घेणे’ हा आक्षेप बायबलमध्ये या शब्दांत आढळत नाही. अमेरिकन राष्ट्राध्यक्षांच्या आयोगाने १९८२ च्या अहवालात त्याची चिकित्सा केली आणि तो बंदीचा धर्मादेश नसून जबाबदारीच्या भानाचा उद्गार आहे, असा अर्थ लावला. तीन धार्मिक संघटनांच्या सरचिटणीसांनी १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना लिहिलेले पत्र या तपासणीला निमित्त झाले होते. ल्यूथरन धर्मशास्त्री टेड पीटर्स यांनाही या आक्षेपात धर्मशास्त्रीय आशय तोकडाच वाटतो. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातील ‘देवाचे प्रतिरूप’ ही कल्पना मात्र दोन्ही पक्ष आपापल्या बाजूने वापरतात : एका पक्षाच्या मते प्रतिरूपाला हात लावता येत नाही, तर ल्यूथरन धर्मशास्त्री फिलिप हेफ्नर यांच्या मते माणूस ‘निर्मित सहनिर्माता’, म्हणजे देवाने निर्मिलेला पण निर्मितीत सहभागी होणारा, आहे.

सर्वाधिक मतभेद व्हॅटिकनच्या भूमिकेच्या अर्थाविषयी आहेत. जॉन पॉल दुसरे यांनी ऑक्टोबर १९८३ मध्ये जागतिक वैद्यक संघटनेपुढे बोलताना निव्वळ उपचारासाठी केलेला हस्तक्षेप तत्त्वतः इष्ट म्हटला होता. ‘दिग्नितास पेर्सोने’ (२००८) या निवेदनाने जननपेशींवरील उपचार ‘सद्यःस्थितीत’ अनैतिक ठरवले. हा शब्द तात्पुरती अट सांगतो की कायमची मनाई? निवेदनात कारणे दोन आहेत. पहिले, संततीला होऊ शकणारी आणि अद्याप आटोक्यात न आलेली हानी. हे कारण तंत्र सुधारल्यास गळून पडू शकते. दुसरे, भ्रूणावरील उपचार शरीरबाह्य फलनाशिवाय होत नाहीत, आणि असे फलन ‘दोनुम विते’ (१९८७) या व्हॅटिकनच्या निवेदनाने आधीच अमान्य केलेले. तंत्र कितीही निर्धोक झाले तरी हे कारण टिकते. तथापि ते भ्रूणाला लागू पडते. शरीरातच राहिलेल्या वीर्यजनक पेशी दुरुस्त करता आल्या, तर त्यांना ते लागू होत नाही. व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगानेही २००४ मध्ये उपचारात्मक जननपेशी-बदल स्वतःमध्ये स्वीकार्य ठरला असता, अडचण प्रमाणाबाहेरच्या धोक्यांची आहे, अशी मांडणी केली. त्यामुळे मनाई सशर्त आहे, हे वाचन अधिक पटणारे. क्षमतावर्धनाला मात्र अशी पळवाट नाही. तेथे आक्षेप सुप्रजननी मनोवृत्तीलाच आहे.

जागतिक चर्च परिषदेने १९८९ मध्ये मानवी जननपेशींवरील प्रयोगांना तूर्त बंदीची मागणी केली. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या २००० सालच्या सामाजिक संकल्पनेत जननपेशींतील बदल अत्यंत धोकादायक म्हटले आहेत.

एक निराळा प्रवाह अपंगत्वाच्या धर्मशास्त्रातून आला. नॅन्सी आइसलँड यांनी १९९४ मध्ये पुनरुत्थित ख्रिस्ताच्या देहावर जखमांच्या खुणा राहिल्या, या गोष्टीकडे लक्ष वेधले. देहाच्या पूर्णत्वात व्यंग बसत नाही, या गृहीतकालाच त्यामुळे धक्का बसतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील जन्मांधाची कथा या वादात दोन्ही अंगांनी वाचली जाते : येशू त्याचे आंधळेपण पापाचे फळ मानत नाही, पण त्याला दृष्टीही देतो.

चीनमध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये सीसीआर-५ या, एचआयव्ही विषाणूला पेशीत शिरण्यास वाट देणाऱ्या, जनुकात बदल केलेल्या जुळ्या मुलींच्या जन्माची घोषणा झाली आणि भ्रूणाचा प्रश्न कल्पनेचा उरला नाही. सिकलसेलवरील जनुकसंपादनाच्या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली, तो रुग्णाच्या रक्तजनक पेशींवरचा असल्याने कायिक प्रकारातच मोडतो.