तारीख तीच वापरायची की नवी बनवायची?

जावा या प्रोग्रामिंग भाषेची पहिली आवृत्ती १९९६ च्या जानेवारीत आली, तेव्हा तिच्यात स्ट्रिंग (मजकुरासाठी) आणि डेट (तारखेसाठी) हे दोन क्लास, म्हणजे ऑब्जेक्ट बनवायचे साचे, होते. स्ट्रिंग एकदा तयार झाली की बदलत नसे. डेट मात्र कुणीही, कधीही बदलावी. माझ्या मते पुढच्या सगळ्या त्रासाचं मूळ इथेच आहे. तारीख ही मुळात एक मूल्य (व्हॅल्यू) आहे, पाच या आकड्यासारखी. तिला वस्तूसारखं वागवलं गेलं.

एक बिल घ्या. तारीख १ मार्च. देय तारीख काढायला कुणीतरी तोच ऑब्जेक्ट दुसऱ्या व्हेरिएबलला दिला आणि त्यात ३० दिवस मिळवले. देय तारीख ३१ मार्च झाली, पण बिलाची तारीखही ३१ मार्चच झाली! नावं दोन, मेमरीत ऑब्जेक्ट एकच. एरर येत नाही, काही बंद पडत नाही. चूक उघडी पडते ती भलत्याच रिपोर्टमध्ये. असा बग शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

मग कॉपीची शिस्त आली. आपल्या क्लासमध्ये डेट आत घेताना कॉपी, बाहेर देताना कॉपी. जोशुआ ब्लॉक यांच्या २००१ च्या 'इफेक्टिव्ह जावा' या पुस्तकाने ती रुजवली, आणि त्यात एक बारकावा सांगितला: आधी कॉपी करा, मग तपासा. उलट केलंत तर तपासणी आणि कॉपी यांच्या मधल्या क्षणात दुसरा थ्रेड (त्याच वेळी चालणारा प्रोग्रामचा दुसरा भाग) तारीख बदलून मोकळा होतो. सल्ला अचूक होता, पण एका गेटरमध्ये (तारीख बाहेर देणाऱ्या मेथडमध्ये) कॉपी करायची राहिली की सगळं मुसळ केरात.

इतर भाषांची वाट वेगवेगळी. जावास्क्रिप्टने जावाचाच डेट उचलला, शून्यापासून मोजलेल्या महिन्यांसकट. पायथनने २००३ मध्ये न बदलणारी तारीख दिली. पीएचपीने २०१३ मध्ये जुन्या क्लासशेजारी न बदलणारा दुसरा क्लास ठेवला.

जावात हे काम स्टीफन कोलबोर्न यांच्या जोडा-टाइम या लायब्ररीने पुढे नेलं आणि मार्च २०१४ मध्ये जावा ८ सोबत लोकलडेट हा न बदलणारा तारखेचा क्लास आला. त्यात 'प्लसडेज(३०)' म्हटलं की नवी तारीख मिळते, मूळ जागची हलत नाही. त्यामुळे एकच ऑब्जेक्ट दहा ठिकाणी बिनधास्त वापरता येतो. फक्त मिळालेली नवी तारीख व्हेरिएबलमध्ये ठेवायला विसरू नका. जुन्या डेटची सवय असलेले हमखास विसरतात.

जुना डेट अजून आहेच. १९९७ मध्ये त्याच्या बहुतेक सेटर (तारीख बदलणाऱ्या) मेथड्सवर 'वापरू नका' असा शिक्का बसला. 'सेटटाइम' मात्र तेव्हाही सुटली, आणि आजही चालते.