वायर आणि चेतातंतू: खरी अडचण सांध्यात

जानेवारी 2024 मध्ये न्यूरालिंक कंपनीने पहिल्यांदा एका माणसाच्या मेंदूत आपली चिप बसवली आणि ‘आता यंत्र मनातलं ओळखणार’ अशा मथळ्यांचा पूर आला. मनातलं कुणीही ओळखलेलं नाही. हात हलवायचं मनात आणलं की मेंदूच्या ठरावीक भागातल्या पेशींत विद्युत स्पंद उठतात. ते टिपून संगणकाच्या पडद्यावरचा बाण हलवता येतो, आणि हे 2004 मध्येच ब्रेनगेट प्रयोगात मानेखाली लुळ्या पडलेल्या एका तरुणाने करून दाखवलं होतं.

सायबोर्ग, म्हणजे जीव आणि यंत्र यांचा मिलाफ, त्याहूनही जुना आहे. 1958 मध्ये स्वीडनच्या आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला गेला. तो काही तासांतच बंद पडला. पुढे बदलत बदलत त्यांना 26 पेसमेकर लागले आणि ते 2001 पर्यंत जगले.

पण मला सगळ्यात थक्क करतं ते कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू न येणाऱ्याच्या आतल्या कानात बसवून चेतातंतूंना थेट विजेचे स्पंद देणारं यंत्र. ते समजायला आधी एक पेच पाहायला हवा. तारेतली वीज म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रवाह. शरीरातली वीज म्हणजे सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड या आयनांची, म्हणजे विद्युत प्रभार असलेल्या अणूंची, खाऱ्या द्रवातली हालचाल. इलेक्ट्रॉन त्या द्रवात मोकळे फिरत नाहीत आणि आयन तारेत शिरत नाहीत. मग निरोप पोचतो कसा?

प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर, म्हणजे तारेच्या टोकाच्या धातूवर, क्षणभर ऋण प्रभार दिला की चेतातंतूच्या पटलाबाहेरचे (पटल म्हणजे पेशीचं पातळ आवरण) धन आयन त्याच्याकडे ओढले जातात. पटलाच्या आतबाहेर असलेला सुमारे 70 मिलिव्होल्टचा फरक घटतो. तो एका मर्यादेपर्यंत घटला की पटलातली सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतो आणि स्पंद तंतूवरून पुढे धावत सुटतो. इलेक्ट्रोडने फक्त ठिणगी टाकली, पुढचं काम पेशीचं. मात्र ऋण प्रभार तसाच साचत गेला तर पाण्याचं विघटन होतं, आम्लता बदलते, ऊतीला इजा होते. म्हणून प्रत्येक ऋण स्पंदापाठोपाठ तेवढ्याच प्रभाराचा धन स्पंद द्यावा लागतो. दोन्ही मिळून सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळाचा खेळ, पण हिशेब शून्यावर यायलाच हवा. हा हिशेब चुकला तर कितीही हुशार चिप निरुपयोगी. शरीराची ‘ऊर्जा संतुलित’ करणारी कडी आणि पदकं विकणाऱ्यांनी संतुलन म्हणजे काय हे इथे येऊन पाहावं.

आता कान. आतल्या कानातली शंखाकृती नळी, कॉक्लिया, सुमारे अडीच वेटोळ्यांची असते. तिच्या तोंडाशी उंच स्वर जाणवतात, टोकाशी खालचे. म्हणजे कोणता स्वर आहे हे मेंदू बऱ्याच अंशी तंतू कुठला जागा झाला यावरून ठरवतो. निरोगी कानात ध्वनी टिपणाऱ्या आतल्या केसपेशी सुमारे 3,500 असतात. त्या मेल्या तरी मागचे चेतातंतू बरेचदा शिल्लक राहतात. इम्प्लांट त्यांनाच हाक मारतं. कानामागचा प्रोसेसर आवाजाचे कंप्रतेनुसार पट्टे पाडतो, संदेश रेडिओलहरींनी त्वचेपार पाठवतो आणि नळीत सरकवलेले 12 ते 22 इलेक्ट्रोड आपापल्या जागी स्पंद देतात.

इथे नळीतला खारा द्रव आडवा येतो. तो वीजवाहक असल्याने प्रवाह आजूबाजूला पसरतो; हातमोजे घालून पेटी वाजवावी आणि एका बोटाखाली तीन पट्ट्या दबाव्यात, तसं. शेजारचे इलेक्ट्रोड एकाच वेळी चालले तर त्यांची क्षेत्रं एकमेकांत मिसळतात. यावरचा तोडगा विलक्षण साधा होता: सगळ्यांनी एकदम न बोलता पाळीपाळीने बोलायचं, फक्त अतिशय भराभर. 1991 मध्ये ब्लेक विल्सन आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली आणि अनेकांना ओठ न वाचताही वाक्यं कळू लागली.

बोलणं समजायला मोजके पट्टे पुरतात, संगीताला पुरत नाहीत. सूर बारकाईने वेगळे करायचे तर प्रवाहाचं हे पसरणं आवरायला हवं. त्यासाठी आता प्रकाशाचा प्रयत्न सुरू आहे, कारण प्रकाश नेमक्या जागी टाकता येतो. चेतातंतूंना प्रकाश जाणवत नाही, म्हणून शैवालातल्या प्रकाशसंवेदी प्रथिनाचं जनुक विषाणूकरवी त्यांच्यात घालतात. उंदरासारख्या जर्बिल प्राण्यांत हे जमलं आहे. माणसाच्या कानात ते उतरवायचं तर यंत्र बसवण्याआधी पेशीच बदलावी लागेल, आणि तो बदल वर्षानुवर्षं सुरक्षित राहतो हे आधी सिद्ध करावं लागेल.