परदेशात व्यवसाय : कंपनी नोंदवण्याआधी व्हिसाचे बघा

परदेशात व्यवसाय सुरू करू इच्छिणारे बहुतेक ग्राहक आम्हाला आधी विचारतात, "कंपनीची नोंदणी किती दिवसांत होईल?" खरे तर नोंदणी हा सगळ्यात सोपा टप्पा. ब्रिटनमध्ये परदेशी माणसाला तिथे पाऊलही न ठेवता कंपनी नोंदवता येते. अमेरिकेत एलएलसी (मालकाची जबाबदारी मर्यादित असलेली कंपनी) काढायला तिथले नागरिकत्व लागत नाही. पण कंपनीची मालकी ही एक परवानगी आणि त्या देशात राहून त्या कंपनीत काम करणे ही दुसरी. पहिली मिळाली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही. एस्टोनिया २०१४ पासून परदेशी लोकांना ई-रेसिडेन्सीचे, म्हणजे सरकारी डिजिटल ओळखीचे, कार्ड देतो. त्यावर कंपनी ऑनलाइन चालवता येते, पण तेवढ्यावर तिथे राहायला जाता येत नाही. म्हणून तुम्ही तिथे राहणार की दुरून कारभार पाहणार, हे आधी ठरवा. पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

मालकीचे नियम प्रत्येक देशाचे वेगळे आणि बदलते. संयुक्त अरब अमिरातीत पूर्वी ५१ टक्के भाग स्थानिक भागीदाराचा असावा लागे. २०२१ पासून बहुतेक व्यवसायांना ही अट नाही. सिंगापूरमध्ये किमान एक संचालक तिथला रहिवासी लागतो. जर्मनीत जीएमबीएचसाठी (तिथली मर्यादित जबाबदारीची कंपनी) किमान भांडवल २५,००० युरो, त्यातले निम्मे नोंदणीआधी भरावे लागते. थायलंडमध्ये अनेक व्यवसायांत परदेशी हिस्सा निम्म्याहून कमीच ठेवावा लागतो. मग कोणीतरी सुचवते, "स्थानिक माणसाच्या नावावर शेअर दाखवू, नुसते कागदोपत्री." असे कृपया करू नका. तिथल्या कायद्याने तो गुन्हा आहे आणि उद्या तो माणूस फिरला तर तुमचे पैसे कोणत्या तोंडाने मागणार? असे करारनामे आम्ही तयार करत नाही.

खरा वेळ जातो तो बँकेत. पैसा कुठून आला, ग्राहक कोण असतील, दरमहा किती उलाढाल होईल, हे सगळे बँक विचारते आणि उत्तरांना पुरावा मागते. इथे बारीकसारीक गोष्टी अडतात. पासपोर्टवर पूर्ण नाव, वीजबिलावर नुसती आद्याक्षरे आणि पदवी प्रमाणपत्रावर आडनावाचे स्पेलिंग वेगळे असले, की फाइल परत येते. हे निघण्याआधी दुरुस्त करून घ्या. परदेशात बसून ते करणे फार जिकिरीचे होते.

कागदपत्रांवर अपोस्टिल, म्हणजे त्यावरची सही आणि शिक्का खरा असल्याचा सरकारी दाखला, लागेल. ते चालण्यासाठी दोन्ही देश १९६१ च्या हेग कराराचे सदस्य हवेत, नाहीतर वकिलातीकडून साक्षांकन करून घ्यावे लागते. भाषांतर कोणाकडून आणि कधी करायचे, हेही आधी विचारून घ्या. अपोस्टिलचेही भाषांतर मागितले, तर आधी केलेले भाषांतर वाया जाते.

करांबाबत एकच सांगतो. कर शून्य असला तरी विवरणपत्र चुकवू नका. एकाच परदेशी मालकाच्या अमेरिकन एलएलसीने फॉर्म ५४७२ (मालकाशी झालेल्या व्यवहारांची माहिती देणारा) वेळेत भरला नाही, तर दंड २५,००० डॉलरपासून सुरू होतो. दोन्ही देशांत मिळून कर किती बसेल, हे तिथल्या अकाउंटंटकडूनच तपासून घ्या. तो सल्ला आम्ही देत नाही.

पहिल्या भेटीला येताना पासपोर्ट, मागील वर्षाची बँक स्टेटमेंट आणि व्यवसायाबद्दल तुमच्याच शब्दांत लिहिलेले एक पान आणा. व्हिसाचा मार्ग नक्की होईपर्यंत आम्ही नोंदणीचे शुल्क घेत नाही.