मालवणच्या समुद्रातले ‘अरण्य’

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागल्या अंगाला, दर्याकडच्या तटाखाली, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पाणी निवळ असले की होडीतून वाकूनही खडपावरचे, म्हणजे पाण्यातल्या खडकांवरचे, प्रवाळ दिसतात. फोटोतल्या रंगीत फांद्यांची बाग इथे शोधू नये. करडे, तपकिरी, शेवाळी गोळे कातळाला चिकटून असतात. कुठे नारळाएवढे, कुठे टोपलीएवढे. बघणाऱ्याला दगडच वाटतो, पण त्यावरच्या प्रत्येक खळगीत एक जीव असतो. पावसाळ्यात कर्ली आणि कोळंब खाड्यांचा गाळ उतरला की इथले पाणी महिनोन्‌महिने गढूळ राहते. नाजूक जाती त्यात टिकत नाहीत. टिकले ते हे चिवट. त्यांच्या कपारीत गोबरा आणि तांबोशी या माशांची पिल्ले वाढतात, म्हणजे मालवणच्या ताटाशीही या खडपाचा संबंध आहे.

या पाण्याला १३ एप्रिल १९८७ रोजी सागरी अभयारण्य म्हणून घोषित केले. एकूण क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा म्हणजे किल्ला, पद्मगड आणि भोवतीचे बुडीत खडक. उरलेले सगळे बफर, म्हणजे गाभ्याभोवतीचा पट्टा. तेव्हा प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, नव्हते. ते २००१ मध्ये आले.

१९८७ नंतरचा काळ समजून घ्यायचा तर आधी ‘अभयारण्य’ या शब्दापाशी थांबावे लागते. १९७२ चा हा वन्यजीव कायदा मुख्यतः जंगल डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला, अंमल वनखात्याचा आणि भाषाही जंगलाचीच. कोकणातल्या माणसाने अभयारण्य पाहिले होते ते घाट चढून, दाजीपूर-राधानगरीकडे. तिथे अभयारण्य म्हणजे लाकूडफाट्यावर, गुरे चारण्यावर बंधने. तोच शब्द समुद्रावर आला तेव्हा मच्छीमारांच्या गाबीत वस्तीने त्याचा अर्थ मासेमारी बंद असा घेतला, आणि त्यात चूक काही नव्हती. ज्यांचे घर या पाण्यावर चालते त्यांना विश्वासात घेऊन रेषा आखली गेली नव्हती. बफरची हद्द मालवण बंदरापासून पन्नास मीटरवर सुरू होते. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढायची तर होडी जाळे घेऊन किनाऱ्यावरूनच समुद्रात वळसा मारते आणि मग वाळूत उभी राहिलेली माणसे दोन्ही टोकांनी दोर खेचतात. नकाशावर सोपी दिसणारी हद्द त्यांच्या रोजच्या कामाच्या मधूनच गेली.

समुद्राचा भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपण्याची पुरेशी तरतूद करावी, ही अट कायद्यात आली १९९१ च्या दुरुस्तीने. मालवणची अधिसूचना त्याच्या चार वर्षे आधीची. माझ्या मते सगळा गुंता या उलट्या क्रमात आहे. विरोध प्रवाळांना कधीच नव्हता. न विचारता घातलेल्या हद्दीला होता. पण त्या वादात अभयारण्य बरीच वर्षे कागदावर राहिले आणि राखण मात्र कुणाचीच झाली नाही.

पुढे तळ खरवडत जाळे ओढणारे मोठे ट्रॉलर आणि माशांच्या थव्याला जाळ्याचा वेढा घालणाऱ्या पर्ससीन नौका किनाऱ्याजवळ येऊ लागल्या, तेव्हा त्यांच्याविरुद्ध उभा राहिला तो हाच छोटा मच्छीमार. पर्ससीनवर राज्याने निर्बंध घातले फेब्रुवारी २०१६ मध्ये. मोठी जाळी खडपापासून दूर राहावीत, हेच प्रवाळांनाही हवे होते. मागणी एकच होती, तरी ‘अभयारण्य’ या एका शब्दापायी मच्छीमार आणि वनखाते समोरासमोर बसले. याची हळहळ वाटते.

त्याच सुमारास पर्यटन वाढले. स्नॉर्केलिंग, स्कूबा, तारकर्लीतले प्रशिक्षण यामुळे गावातल्या तरुणांना पाण्याखालचा रोजगार मिळाला आणि प्रवाळ जिवंत असण्यावर पोट असलेली पहिली पिढी तयार झाली. मात्र होडीचा नांगर पडतो तो खडपावरच. त्याचा एक आकडा गोळ्यावर ओढला गेला की वर्षाला काही मिलिमीटर वाढणारा जीव खरवडून निघतो. पोहायला न येणारा पाहुणा पाय टेकतो तोही त्यावरच.

आता या सगळ्यावर उष्णतेचा भार आहे. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. त्याचा रंग आणि बहुतेक अन्न त्या शैवालाचे. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जरी जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. तो लगेच मरत नाही. पाणी वेळेत निवले तर शैवाल परत येते, नाही तर तो उपाशी मरतो. जगभरात असे मोठे पांढरे पडणे १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ मध्ये झाले, आणि २०२३ पासून चौथ्यांदा. चिवट म्हणून मालवणचे प्रवाळ यातून सुटत नाहीत. त्यात अरबी समुद्रातली वादळेही वाढली आहेत. मे २०२१ चे तौक्ते इथल्या होड्यांनी आणि माडांनी सोसले.

म्हणून आता नजर आंग्रिया बँकेकडेही जाते. विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटरवर समुद्रात हे प्रवाळांचे बुडालेले पठार आहे. खाड्यांचा गाळ तिथवर पोचत नाही, पाणी स्वच्छ. पण ते बारा सागरी मैलांच्या पलीकडे असल्याने राज्याची अभयारण्याची अधिसूचना तिथे चालत नाही. १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली केंद्रालाच पाऊल उचलावे लागेल. तिथे मासेमारीला जाणाऱ्यांशी बोलणे या वेळी अधिसूचनेच्या मसुद्याच्या आधी व्हायला हवे.

मालवणात समुद्र सर्वाधिक तापतो एप्रिल-मेमध्ये, आणि पाहुण्यांची गर्दीही तेव्हाच. मे अखेरीस किल्ल्याच्या होड्या बंद होतात, पाऊस येतो, पाणी निवते. एप्रिल-मेचे हे सहा-आठ आठवडे खडपावर नांगर पडू नये एवढे तरी जमायला हवे. त्यासाठी ठरलेल्या जागी कायमचे बोये, म्हणजे तळाला बांधलेले तरंगते गोळे, बसवून होड्या त्यांना बांधता येतील. ते कुठे बसवायचे हे होडीवाल्यांनाच विचारावे. पाण्याखालचा कातळ कुठे आहे ते त्यांना नकाशाशिवाय माहीत असते.