इमानाचे बारा आठवडे

कुत्रा जन्मजात इमानी, असं आपण म्हणतो खरं. पण चौदा आठवड्यांपर्यंत ज्या पिल्लाचा माणसाशी संबंधच आला नाही, ते पुढे माणूस दिसला की अंग चोरून पळतं. अमेरिकेत बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेतलं हे काम १९६१ साली प्रसिद्ध झालं. पिल्लं आईबरोबर कुंपणाच्या मैदानात वाढवली. काहींना दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या किंवा नवव्या आठवड्यात फक्त एकेक आठवडा माणसांत आणलं, काहींना आणलंच नाही. पाचव्या-सातव्या आठवड्यात आलेली चांगली माणसाळली. न आणलेली बुजरीच राहिली.

माणसाशी ओळख जुळण्याचा हा ठराविक काळ म्हणजे जणू एक खिडकी. लांडग्यात ही खिडकी फार लवकर उघडते नि मिटते. दोघांच्याही पिल्लांना वास दुसऱ्या आठवड्यात कळू लागतो, आवाज चौथ्या आणि नजर सहाव्या आठवड्याच्या सुमारास. पण लांडग्याचं पिल्लू दोन आठवड्यांचं असतानाच, जवळजवळ आंधळं-बहिरं, गुहेत धडपडत हिंडू लागतं. त्याची जगाशी ओळख नाकाने होते, पुढे आवाज आणि दृश्यं आली की ते दचकतं. कुत्र्याचं पिल्लू चार आठवड्यांनी बाहेर पडतं, तेव्हा कानही साथ देऊ लागलेले असतात.

म्हणून लांडगा माणसाळवायचा तर डोळे उघडण्याआधीच उचलून चोवीस तास अंगाशी ठेवावा लागतो. बुडापेस्टच्या संशोधकांनी तेही केलं. मग त्या लांडग्यांना आणि कुत्र्यांना दोरी ओढून तिच्या टोकाचं मांस खायला शिकवलं आणि एक दिवस दोरी गुपचूप अडकवून ठेवली. लांडगे दोरी ओढतच राहिले. कुत्र्यांनी थोडं ओढून पाहिलं आणि वळून मालकाच्या तोंडाकडे पाहिलं. एवढं एक वळणं मात्र कितीही संगोपन केलं तरी लांडग्यात फारसं येत नाही, तो भाग रक्ताचाच.

चहाच्या टपरीखाली जन्मलेलं पिल्लू लोकांच्या पायात घुटमळतं आणि उसाच्या फडात वाढलेलं शेपूट पोटाशी घेऊन पळतं, त्यामागे मात्र ती खिडकीच.

पिल्लू घरी आणायचं ते साधारण आठव्या आठवड्यात. महिन्याचं असताना उचललं तर भावंडांशी खेळताना चावा कितपत घ्यायचा हे शिकायचं राहून जातं. आणल्यावर महिनाभर रोज थोडं थोडं दाखवा: कुकरची शिट्टी, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस, लहान मुलं. लसी पुऱ्या होईपर्यंत पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या संसर्गाची, भीती असते. म्हणून रस्त्यावर सोडू नका, कडेवर घेऊन फिरवा. बहुतेकांची चूक इथेच होते: लसी होईपर्यंत पिल्लू घरात कोंडतात, आणि तोवर खिडकी मिटते. घाबरलं तर पुढे ढकलू नका, चार पावलं मागे या आणि खाऊ द्या.

चार महिन्यांचं बुजरं पिल्लू मिळालं तर घाई नको. जमिनीवर बसा, त्याच्याकडे पाठ करा, खाणं दूर ठेवून रोज थोडं जवळ सरकवा. डोक्यावरून हात आणू नका, छातीपाशी आणा. असं पिल्लू घरातल्या एक-दोघांना जीव लावतं, पाहुणा आला की मात्र कॉटखाली जातं.