परिचारिकेच्या हाती अधिकार कसा आला

नर्स म्हटलं की सेवा आणि करुणा हे शब्द आधी आठवतात. गरिबाला बरे उपचार मिळाले ते मात्र नर्सच्या हाती अधिकार आला तेव्हा, असं इतिहास चाळताना पुन्हापुन्हा दिसतं.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियाच्या युद्धातून परतल्यावर मृत्यूंचे आकडे मांडून सरकारला जाब विचारला आणि १८६०मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात प्रशिक्षणशाळा सुरू केली. परिचारिकांवर हुकूम मेट्रनचा, म्हणजे मुख्य परिचारिकेचाच चालावा, हा त्यांचा आग्रह होता. त्याच युद्धात जमैकाच्या मेरी सीकोल यांना सरकारी पथकात जागा नाकारली गेली, तेव्हा त्या स्वतःच्या खर्चाने गेल्या. समतेच्या या गोष्टीत भेदभाव पहिल्यापासून असा मुरलेला आहे.

लिव्हरपूलच्या अनाथ-निर्धनांच्या वर्कहाऊसमध्ये आजाऱ्यांची शुश्रूषा तिथल्याच धडधाकट कंगालांवर सोपवलेली असे. १८६५मध्ये ॲग्नेस जोन्स १२ प्रशिक्षित नर्स घेऊन तिथे अधीक्षक म्हणून आल्या. शेकडो रुग्णांचे वॉर्ड त्यांनी शिस्तीत आणले आणि १८६८मध्ये टायफसने, अवघ्या पस्तिशीत, त्या गेल्या. भिकाऱ्यालाही शिकलेली नर्स मिळाली पाहिजे, हा विचार तिथे प्रत्यक्षात उतरला. मला ही घटना नाइटिंगेल यांच्या क्रिमियातल्या दिव्याइतकीच मोठी वाटते.

न्यूयॉर्कमध्ये लिलियन वॉल्ड ही नर्स १८९३मध्ये स्थलांतरितांच्या दाटीच्या वस्तीतच राहायला गेली. त्यातून हेन्री स्ट्रीट सेटलमेंट हे गरिबांसाठीचं सेवाकेंद्र उभं राहिलं. संसर्ग दिसला की शाळेतून मुलांना घरी पाठवत, पण उपचार कुणी करत नसे. मूल आजारी ते आजारी आणि शाळाही बुडायची. १९०२मध्ये वॉल्ड यांनी लीना रॉजर्स ही आपली नर्स शाळांमध्ये प्रयोग म्हणून पाठवली. खरूज, डोळ्यांचे आजार यांवर ती तिथेच उपचार करी, गरज पडली तर घरी जाऊन आईला समजावी. गैरहजेरी झपाट्याने घटली आणि शहराने आणखी नर्स नेमल्या.

व्यवसायाच्या आतली विषमता मिटवायलाही नेतृत्वच लागलं. कृष्णवर्णीय नर्सना अमेरिकी सैन्यात मोजक्याच जागा मिळत; मेबल स्टॉपर्स या कृष्णवर्णीय नर्सच्या अनेक वर्षांच्या झुंजीनंतर १९४५मध्ये ती मर्यादा गेली. न्यूझीलंडमध्ये इरिहापेती रॅम्सडेन या माओरी (तिथल्या मूलनिवासी) नर्सने, उपचार सांस्कृतिकदृष्ट्या सुरक्षित आहेत की नाहीत हे रुग्णाने ठरवावं, असं मांडलं. १९९२पासून तो विचार तिथल्या अभ्यासक्रमात आला.

जागतिक पातळीवर हालचाल उशिरा झाली. एलिझाबेथ इरो जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्य परिचर्या अधिकारी झाल्या २०१७मध्ये. जगभरातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांत सुमारे ७० टक्के स्त्रिया आहेत, वरिष्ठ पदांवर मात्र जेमतेम २५ टक्के. संघटनेच्या २०२५च्या अहवालानुसार जगात सुमारे २.९८ कोटी नर्स आहेत. त्यांतल्या ७८ टक्के ज्या देशांत काम करतात, तिथे जगाची निम्मीही लोकसंख्या राहत नाही.