केक हलका, पण गाजर ओलं

दोनशे ग्रॅम गाजर किसून ताटात पसरा, वर दोन चमचे साखर भुरभुरा आणि दहा मिनिटं दुसरं काही काम उरका. परत याल तेव्हा किसाला पाणी सुटलेलं असेल. किसताना फुटलेल्या पेशींतलं पाणी तर येतंच, शिवाय साखर शाबूत पेशींतलंही ओढून घेते. गाजराच्या वजनात जवळपास 88 टक्के पाणी, म्हणजे या ताटात पाऊण कप भरेल एवढं पाणी आहे. मसाल्याचा केक गाजर घातल्यावर कधीकधी मधे खचतो, चिकट राहतो, त्याचं उत्तर इथंच आहे. गाजराचं पाणी हिशेबात न धरता आपण नेहमीचं दूधही ओततो.

म्हणून कीस पिळून काढावा का? अजिबात नाही. पाण्याबरोबर गाजराची साखर आणि चवही जाते. दूध कमी करावं. कोकणात तवसाळी, म्हणजे काकडी-रव्याचा केक, करणारीला हे सांगावं लागत नाही. रवा काकडीच्या पाण्यातच भिजतो.

आता तेल. हलका म्हणजे फुगलेला आणि हलका म्हणजे पोटाला न जड होणारा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गंमत म्हणजे त्या एकमेकींच्या आड येतात. तेल मैद्यातल्या प्रथिनांभोवती लेप धरतं, त्यामुळं ग्लुटेनचं जाळं घट्ट विणलं जात नाही. तेल नुसतं कमी केलं तर केक रबरासारखा होतो. पाऊण कप तेलातलं 80 मिलिलिटर काढून तिथं तेवढाच उकडलेल्या गाजराचा किंवा रताळ्याचा लगदा घातला, की त्यातले तंतू आणि पेक्टिन (फळाभाज्यांतला चिकट, घट्टपणा आणणारा घटक) जाळ्याच्या मधेमधे येतात, पाणीही धरून ठेवतात. दुसऱ्या दिवशीही केक मऊ राहतो तो त्यामुळंच. वाचतात सहाशेच्या आसपास कॅलरी. सगळंच तेल काढायच्या फंदात मात्र पडू नका, तो केक चघळावा लागतो.

बिटानं मला एकदा फसवलं. पिठात सुरेख गुलाबी, भट्टीतून बाहेर आला तो मातकट. बिटाचा रंग, बीटानिन, उष्णतेनं विरतो आणि सोड्याच्या अल्कलीत आणखीच लवकर. दह्याचा किंवा लिंबाचा आंबटपणा त्याला थोडा सावरतो. सोड्याशी या आंबटपणाची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो फुगवायला कामी येतो तो वेगळाच. पण सोडा चिमूटभर जास्त झाला तर दह्याचा उपयोग नाही.

मसाल्यांचं म्हणाल तर दालचिनी, लवंग, जायफळ यांची सुगंधी द्रव्यं पाण्यापेक्षा तेलात सहज विरघळतात. तेल कमी केलं की वासही दबल्यासारखा होतो, म्हणून आहे तेवढ्या तेलात मसाल्याची पूड आधीच कालवून कोमट करावी. फोडणी नव्हे, तडतडू द्यायचं नाही. आणि जायफळ गाजरात इतकं मुरतं ते उगाच नाही. जायफळातलं मिरिस्टिसिन हे सुगंधी द्रव्य गाजरातही थोडंसं असतं.

गाजराची खरी भावकी मात्र जिरं, धणे, ओवा, बडीशेप. सगळी एकाच कुळातली, फुलं छत्रीसारखी. म्हणून हल्ली मी दालचिनी निम्मी करून अर्धा चमचा भरडलेली बडीशेप घालते. घरात अजून कुणी ओळखलेली नाही.